लाडक्या नटाची दोन मिनिटांची भेट कशी लिहून ठेवावी

लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी गेले तेव्हा त्यांचे वय अवघे पन्नास होते. त्या आठवड्यात माझ्या ओळखीच्या पाच-सहा जणांनी तरी आपण त्यांना एकदा जवळून पाहिल्याचे सांगितले. कोणी दादरला शिवाजी मंदिराबाहेर, कोणी रेल्वेच्या फलाटावर, कोणी आपल्या गावच्या गणेशोत्सवात. माणसे खोटे बोलत होती असे मला वाटत नाही. पण ऐकता ऐकता लक्षात आले की सगळ्यांच्या आठवणीतले बेर्डे एकाच लकबीने बोलत होते, एकाच पद्धतीने मान वेळावत होते, आणि ते प्रत्यक्ष भेटलेल्या माणसापेक्षा ‘धूमधडाका’ आणि ‘अशी ही बनवाबनवी’ यांतल्या लक्ष्याशीच अधिक जुळत होते. ज्या दोन मिनिटांवर त्या प्रत्येकाचा एकट्याचा हक्क होता, ती दोन मिनिटे पडद्याने परस्पर खाऊन टाकली होती.

अशी एखादी ओझरती भेट आपल्या गाठीशी असेल, किंवा घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाकडे असेल, तर ती लिहून कशी ठेवावी याची एक रीत मी स्वतःच्या चुकांमधून हळूहळू बसवली आहे. तिच्यात अवघड काही नाही, मात्र क्रम पाळावा लागतो, कारण मागचे काम पुढे केले की आठवण बिघडते आणि मग ती पुन्हा सुधारता येत नाही. शक्य असेल तर हे लेखन तो कलावंत हयात असतानाच उरकावे. मृत्यूची बातमी आली की हात आपोआप श्रद्धांजलीच्या भाषेकडे वळतो आणि त्या भाषेत सगळेच दिलखुलास असतात, सगळ्यांचेच पाय जमिनीवर असतात.

पहिला खर्डा त्या कलावंताचे नाव न लिहिता लिहावा. ही सूचना विचित्र वाटेल, पण साऱ्या पद्धतीचा पाया हाच आहे. नाव कागदावर उतरले की त्याच्यामागून त्या माणसाची सगळी नाटके, सगळे चित्रपट, मुलाखती आणि इतरांनी सांगितलेले किस्से रांगेत येऊन उभे राहतात आणि आपण पाहिलेला माणूस त्या गर्दीत दिसेनासा होतो. नावाऐवजी ‘ते गृहस्थ’ किंवा नुसते ‘ते’ लिहावे. मग त्यांना अंगठी होती का, त्यांच्या पायांत काय होते, ते उभे होते की बसलेले, त्यांच्या हातात काय होते, आपल्याकडे त्यांनी पाहिले का, हे सारे सांगितल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. माझ्या ज्या भेटीचा दाखला मी पुढे देणार आहे, तिच्यातल्या नटाचे नाव मी याच कारणाने इथे सांगत नाही; सांगितले तर वाचक माझा कागद बाजूला ठेवून आपल्या मनातला नट तिथे आणून बसवतील.

आमच्या गावी माघातल्या जत्रेत शाळेच्या पटांगणावर मुंबईच्या कंपनीचे नाटक आले होते. मी सातवीत होतो. प्रयोग संपल्यावर माझी थोरली बहीण मला मागच्या बाजूला घेऊन गेली, कारण तिच्या मैत्रिणीचे वडील जत्रा कमिटीत होते. रंगपट म्हणजे आमच्याच शाळेचा पाचवीचा वर्ग होता. फळ्यावर दुपारचे गणित तसेच राहिले होते. ते गृहस्थ बाकावर आडवे बसून, म्हणजे मुले बसतात तसे न बसता भिंतीला पाठ टेकवून, खोबरेल तेलात बुडवलेल्या कापसाने रंग उतरवत होते. गाल स्वच्छ झाले होते, पण कानांच्या मागे आणि कॉलरच्या आत रंग शिल्लक होता आणि त्यामुळे चेहरा एकाचा आणि मान दुसऱ्याची असे दिसत होते. बाकाच्या कडेवर चहाची कपबशी होती. बशीवर कप नव्हता, तर कपावर बशी पालथी घातली होती, चहा निवू नये म्हणून. मी वही पुढे केली. माझे बॉलपेन उठेना. त्यांनी ते दोन्ही तळव्यांमध्ये धरून रवी घुसळावी तसे भराभर फिरवले, मागे पडलेल्या वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर तीन-चार गोल काढले, रेघ उमटू लागल्यावर वहीत सही केली आणि पेनाला टोपण लावून मला परत दिले. एवढेच घडले. घड्याळ लावले असते तर दोन मिनिटेसुद्धा भरली नसती.

हा मजकूर मला एका बैठकीत सुचलेला नाही. पहिल्यांदा लिहायला बसलो तेव्हा चारच ओळी झाल्या होत्या आणि त्यांतल्या तीन ओळी ‘केवढा मोठा माणूस’ या अर्थाच्या होत्या. अशा वेळी ‘काय वाटले’ हा प्रश्न स्वतःला विचारू नये, कारण त्याचे उत्तर आज तयार होते. त्याऐवजी डोळे मिटून उजेड कुठून येत होता हे आठवावे. उजेड सापडला की खोली सापडते. मला वर्गातल्या एकुलत्या ट्यूबलाइटचा उजेड आठवला, तिच्याखाली फळा आठवला, आणि फळ्यावरून बाक, बाकावरून कपबशी अशी एकेक वस्तू पाठोपाठ आली. वास हा दुसरा धागा आहे. खोबरेल तेल आणि रंगभूषेचा तो मिसळलेला वास आला नसता तर कापसाचा बोळा मला कधीच आठवला नसता. ज्यांची भेट मोकळ्यावर झाली असेल, त्यांनी पायांखालची जमीन आठवून पाहावी. चिखल, वाळू, डांबर, ओले गवत यांपैकी काय होते हे आठवले की ऋतूही सापडतो.

आता बोलण्याविषयी. ओझरत्या भेटीत बोलणे फार थोडे होते, आणि नेमके तेच आठवणीत सर्वांत जास्त वाढते. त्या रात्री ते गृहस्थ माझ्या न उठणाऱ्या पेनावर एक झकास विनोद बोलले, असे मी पंचवीस वर्षे सांगत आलो. लग्नाच्या पंगतीत, प्रवासात, कार्यालयातल्या डब्याच्या वेळी सांगितले आणि दर वेळी लोक हसले. लिहायला बसलो तेव्हा बहिणीला विचारले. इथे एक पथ्य फार महत्त्वाचे आहे: साक्षीदाराला आपली हकिगत आधी ऐकवायची नाही. ‘ते असे म्हणाले होते ना गं?’ असे विचारले की समोरचे माणूस भिडेखातर मान डोलावते आणि पुढच्या वेळेपासून तेही तसेच सांगू लागते. म्हणून मी तिला फोनवर एवढेच विचारले, “ताई, त्या जत्रेतल्या नाटकाच्या रात्री तू कुठे उभी होतीस?”

“दारात,” ती म्हणाली. “तू देवळात जावं तसा चपला काढून आत गेलास. त्या मीच हातात धरल्या होत्या, कुणी उचलून नेऊ नये म्हणून.”

“आणि ते काय बोलले?”

“काही नाही बोलले. दमले होते रे. एक वाजून गेला होता.”

चपलांची गोष्ट मी समूळ विसरलो होतो. आणि विनोद? तो कुठून आला याचा शोध घेतला तेव्हा कळले की त्याच नटाच्या एका नाटकाची कॅसेट आमच्या घरी पुढची दोन-तीन वर्षे सतत वाजत असे, आणि पेनाचा तो विनोद तिच्यात होता. म्हणजे मी तो खरोखरच त्यांच्या आवाजात ऐकला होता. फक्त त्या रात्री ऐकला नव्हता. स्मृती अशीच काम करते. ती प्रत्येक वेळी गोष्ट नव्याने मांडते आणि जिथे रिकामी जागा असेल तिथे त्याच माणसाचा, त्याच आवाजाचा दुसरा तुकडा बेमालूम बसवते. सामान्य परिचिताच्या बाबतीत असे तुकडे फार नसतात. नटाच्या बाबतीत मात्र ते शेकड्यांनी असतात, म्हणून नटाच्या भेटीच्या आठवणीवर सर्वांत कमी विश्वास ठेवावा.

यासाठी दुसरा खर्डा तीन रंगांत करावा. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले निळ्या शाईत, बरोबरच्या माणसाने सांगितलेले काळ्या शाईत, आणि नंतर वाचून, ऐकून किंवा पाहून कळलेले पेन्सिलीने. संगणकावर लिहिणाऱ्यांनी अक्षरांचा रंग बदलला तरी चालेल, पण पेन्सिलीचा उपयोग असा की ती पुसता येते. खर्डा पूर्ण झाल्यावर पेन्सिलीतले प्रत्येक वाक्य तपासावे: हे मला त्या क्षणी माहीत होते का? नव्हते, तर ते भेटीच्या वर्णनात येऊ नये. दादा कोंडके साध्या पँटशर्टात भेटले असले तरी ‘सोंगाड्या’ पाहिलेल्या माणसाच्या आठवणीत गुडघ्यापर्यंतची ढगळ चड्डी आणि तिची लोंबती नाडी डोकावल्याशिवाय राहत नाही. निळू फुले यांच्याबाबत उलटा प्रकार होतो. पडद्यावरचा पाटील आणि साखरसम्राट प्रत्यक्षात सेवादलात वाढलेला, पुण्यात माळीकाम केलेला मृदू माणूस होता, ही माहिती इतकी सर्वतोमुखी आहे की त्यांना एकदाच, तेही रस्ता ओलांडताना पाहिलेला माणूससुद्धा ‘पडद्यावर खलनायक, पण प्रत्यक्षात किती साधे’ असे लिहून मोकळा होतो. ते साधे होते हे खरेच आहे. पण रस्ता ओलांडताना ते कळत नाही. रस्ता ओलांडताना जे दिसले ते लिहावे.

विनोदी नटाला भेटलेल्यांना आणखी एक सापळा असतो. हसवणारा माणूस गप्प दिसला की आपल्याला त्याच्या डोळ्यांत दुःख दिसू लागते. विदूषकाच्या अंतरंगावर मराठीत गंभीर काम झालेले आहे. जब्बार पटेल यांच्या १९९२ सालच्या ‘एक होता विदूषक’ या चित्रपटात बेर्डे यांनीच ती भूमिका केली आणि तिची पटकथा पु. ल. देशपांडे यांची होती. परंतु तीन तासांचे नाटक करून रात्री एक वाजता शाळेच्या बाकावर बसलेला, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी प्रयोग असलेला माणूस गप्प असेल तर तो दमलेला आहे, हे पहिले आणि बहुधा पुरेसे स्पष्टीकरण असते. दोन मिनिटांच्या भेटीने कोणाच्या अंतरंगात शिरण्याचा परवाना मिळत नाही. पु. लं.चे नाव निघालेच आहे म्हणून जाता जाता सांगतो: मराठीत व्यक्तिचित्र लिहायला बसलेल्या प्रत्येकाच्या खांद्यावर पु. ल. बसलेले असतात. वाक्याच्या शेवटी हमखास हशा मिळवणारी कलाटणी आपोआप येऊ लागली की समजावे, लेखणी त्यांची चालते आहे. ती वाक्ये कापावीत. मी स्वतः अशी अकरा वाक्ये कापली आहेत आणि त्यांतली दोन अजूनही आठवतात, तेव्हा वाईट वाटते.

यानंतर काळ आणि स्थळ नक्की करण्याचे काम येते. ते खर्ड्यानंतरच करावे. आधी केले तर सापडलेल्या तारखेला शोभेल अशी आठवण तयार होते. वर्ष आठवण्याचा प्रयत्न करू नये, वर्षे कोणालाच आठवत नाहीत. आपण कितव्या इयत्तेत होतो, घरात कोणते बाळ रांगत होते, टीव्ही आलेला होता की नव्हता, अशा खुणा आधी मांडाव्यात. मग सार्वजनिक नोंदींशी ताडून पाहावे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, त्यामुळे ‘टीव्हीवर पाहिले होते म्हणून चेहरा ओळखला’ हे वाक्य त्याआधीच्या वर्षात बसणार नाही. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराचे उद्घाटन २६ जून १९६८ रोजी झाले आणि ठाण्याचे गडकरी रंगायतन १९७८ साली सुरू झाले. एखाद्या काकांची तिथली भेट १९६५ सालची असेल तर साल चुकले आहे किंवा नाट्यगृह. बेर्डे यांचा पहिला मराठी चित्रपट ‘लेक चालली सासरला’ १९८४ चा, ‘धूमधडाका’ १९८५ चा. त्याआधी ‘टूरटूर’सारख्या नाटकाने ते रंगभूमीवर गाजू लागले होते, तेव्हा त्या काळातल्या भेटीत भोवती चित्रपटाच्या चाहत्यांची झुंबड दाखवली तर जाणकार वाचक लगेच थबकेल. नाटकांच्या बाबतीत सर्वांत उपयोगी साधन म्हणजे दैनिकांतल्या नाटकांच्या जाहिराती. प्रयोगाची तारीख, वेळ आणि नाट्यगृह तिथे छापलेले असते, आणि जुन्या ग्रंथालयांत दैनिकांच्या बांधीव फायली चाळायला मिळतात. एक दुपार त्यासाठी द्यावी. मात्र जत्रेतल्या आणि गणेशोत्सवातल्या सुपारीच्या प्रयोगांची जाहिरात शहरातल्या दैनिकात येत नसे. त्यांच्यासाठी कमिटीचे छापील कार्यक्रमपत्रक किंवा जमाखर्चाची वही शोधावी लागते.

माझे काम सहीच्या वहीनेच केले. सहीखाली तारीख नव्हती, ती बहुधा नसतेच. पण आधीच्या पानावर आमच्या मामांनी दिवाळीत तारखेसह चार ओळी लिहिल्या होत्या आणि पुढच्या पानावर सातवीच्या निरोप समारंभाला गुरुजींनी आशीर्वाद दिला होता. मधल्या काळात माघ एकदाच येतो. ज्यांच्याकडे अशी वही आहे त्यांनी ते सहीचे पान फाडून चौकटीत लावण्याचा मोह आवरावा; सहीपेक्षा तिच्या आजूबाजूची पाने अधिक बोलतात.

हल्ली सहीची जागा सेल्फीने घेतली आहे, तेव्हा त्याविषयीही थोडे. छायाचित्र असले की लिहिण्याची गरज नाही असे वाटते, पण घडते असे की काही वर्षांनी आपल्याला भेट आठवत नाही, छायाचित्रच आठवते. म्हणून त्याच रात्री फोनमध्ये छायाचित्राच्या चौकटीबाहेर काय होते तेवढे नोंदवून ठेवावे: छायाचित्र कोणी काढले, रांगेत पुढे कोण होते, किती वेळ थांबावे लागले, ते निघून गेले ते कोणत्या दिशेला. बोलणे झाले असेल तर ते पहिल्या तासाभरात लिहावे. पाच शब्द नक्की आठवत असतील तर पाचच अवतरण चिन्हांत घालावेत आणि उरलेला आशय आपल्या शब्दांत सांगावा.

आजीची किंवा आजोबांची आठवण उतरवून घेताना हीच रीत चालते, फक्त प्रश्न विचारणारे आपण असतो. त्यांना ‘तुम्ही त्यांना भेटलात त्याविषयी सांगा’ असे म्हटले तर वर्षानुवर्षे घोटून गुळगुळीत झालेली हकिगतच ऐकायला मिळेल. ती पूर्ण ऐकून घ्यावी, मध्ये बोलू नये. मग चहा झाल्यावर, “आजी, तेव्हा तू कुठलं लुगडं नेसली होतीस?” असे काहीतरी आडवाटेचे विचारावे. आवाज मुद्रित करावा आणि त्या ज्या बोलीत बोलतील त्याच बोलीत लिहावे; मालवणीत सांगितलेली भेट प्रमाण मराठीत आणली की आजी बाजूला होते आणि निवेदक बोलू लागतो.

काय लिहू नये, हे थोडक्यात. कलावंत आजारी होता, प्यायलेला होता, घरच्या माणसावर चिडलेला होता, असे काही दिसले असेल तर ते स्वतःच्या वहीत जरूर असावे, पण लोकांना वाचायला देण्याच्या मजकुरात त्याचे काम नसते. भेट वाईट झाली असेल, त्यांनी सही नाकारली असेल, तर तेही लिहिता येते, परंतु मग आपण त्यांना जेवणाच्या ताटावरून उठवले होते का, हेही त्याच प्रामाणिकपणे लिहावे.

लांबीच्या बाबतीत मी कडक आहे. दोन मिनिटांच्या भेटीला तीनशे शब्द पुष्कळ झाले. त्यात कलावंताचा जन्म, गाव, पुरस्कार आणि चित्रपटांची यादी घालून तो लेख हजार शब्दांचा करू नये; ती माहिती वाचकाला अन्यत्र मिळते, कपावरची पालथी बशी मिळत नाही. नाव सर्वांत शेवटी घालावे, आणि तेही एकदाच. माझा शेवटचा खर्डा असा झाला:

“प्रयोग संपला तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. पाचवीच्या वर्गात ते बाकावर भिंतीला टेकून बसले होते आणि खोबरेल तेलाने तोंडावरचा रंग पुसत होते. कानामागचा रंग अजून गेला नव्हता. मी वही पुढे केली, पण पेन उठले नाही. त्यांनी ते तळव्यांत धरून घुसळले, वर्तमानपत्रावर गोल काढून पाहिले आणि सही केली. पेनाला टोपण लावून त्यांनी ते माझ्या हातात दिले. ते काही बोलले नाहीत, मीही काही बोललो नाही. बाहेर ताई माझ्या चपला हातात घेऊन उभी होती.”

हा मजकूर छापून मी ताईला पोस्टाने पाठवला. आठवड्याने तिचा फोन आला. सगळे ठीक आहे, फक्त चपला नव्हत्या, चपल होती, असे ती म्हणाली. दुसरी गर्दीत पटांगणावरच हरवली होती आणि घरापर्यंत मी एका पायात चपल घालून लंगडत आलो होतो. मला यातले काही आठवत नाही. मी ते काळ्या शाईत समासात लिहिले आणि पुढे त्या दिवसाची तारीख घातली.